विगमोर साहेबाची चादर

"त्या माणसाला सांगा, म्हैस हलवू नकोस म्हणावं," विगमोर साहेब म्हणाला.

मी गुराख्याला सांगितलं. गुराख्याने म्हशीला सांगितलं असावं. म्हशीने साहेबाकडे एकदा बघितलं, शेपूट झाडली आणि ती पाण्यात उतरली. साहेबाने ब्रश दातांत धरला, टोपी काढली आणि टक्कल पुसलं. सकाळपासून अडीच तास झाले होते आणि कागदावर एक रेघ नव्हती.

ही १९३४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आंबेगिरी संस्थान म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. तिथल्या हायस्कुलात मी, नरहरी बेहेरे, ड्रॉइंग मास्तर होतो. मुंबईच्या कलाशाळेतून पहिल्या वर्गात पास झालेला, रौप्यपदक मिळवलेला, सत्तावीस वर्षांचा. आणि माझ्या लायकीला न शोभणाऱ्या गावात येऊन पडलोय, अशी माझी पक्की खात्री होती. राजेसाहेबांनी विलायतेहून चित्रकार मागवला होता. त्याने त्यांचं तैलचित्र करायचं आणि संस्थानातल्या देखाव्यांची जलरंगात बारा चित्रं काढायची. साहेबाला मराठी येत नव्हतं, म्हणून मला शाळेतून काढून त्याच्या दिमतीला दिलं. दुभाषी म्हणून! पदकवाला चित्रकार मी, आणि काम काय, तर म्हशीला इंग्रजी समजावणं.

विगमोर साहेबाची कीर्ती मी आठवड्याभरातच ओळखली होती. विलायतेत त्याला कुणी विचारत नव्हतं. एकदा कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनात त्याचं एक चित्र लागलं होतं, तेही दाराच्या वर, म्हणजे मान मोडून बघावं लागेल अशा जागी. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मग तो हिंदुस्थानात आला आणि राजेरजवाड्यांची तैलचित्रं करत फिरू लागला. त्याच्याकडे आधीच्या चित्रांचे फोटो होते. आठ संस्थानं, आठ राजे, आणि आठांच्याही मागे एकच खांब आणि एकच लाल पडदा. त्याला पावलं काढता येत नसत, म्हणून प्रत्येक राजाच्या पायाशी एक गालिचा गुंडाळून टाकलेला. आमच्या राजेसाहेबांच्या पायांशीही तो आलाच.

"तैलरंग पोटासाठी," तो म्हणे, "जलरंग माझ्यासाठी."

पोटासाठीचं काम असं आणि स्वतःसाठीचं त्याहून अर्धवट. सकाळभर छत्रीखाली बसायचं, चहा प्यायचा, नदीकडे बघत राहायचं. आणि मग एकदम वेड लागल्यासारखं वीस मिनिटांत कागद ओला करून रंग ओतायचा. रंग ओघळला की तसाच ओघळू द्यायचा. वीस मिनिटं झाली की ब्रश धुऊन उभा राहायचा. याला लोक चित्र म्हणत! आमच्या कलाशाळेत असला कागद दाखवला असता, तर परीक्षकाने तो खाली पडलाय असं समजून झाडूवाल्याला हाक मारली असती.

त्या दिवशीही तसंच झालं. म्हैस गेली आणि तिच्या जागी परटीण आली. राजवाड्यातली पांढरी चादर तिने खळखळून धुतली, उभी राहून दोन्ही हातांनी झटकली, आणि वाऱ्याने ती फुगवली. साहेब छत्रीखालून उठलाच. वीस मिनिटांनी मी मागे जाऊन बघितलं. नदी होती, खडक होते, परटिणीचं काळंसावळं अंग चार फटकाऱ्यांत होतं. आणि चित्राच्या बरोबर मध्ये, चादरीच्या जागी, काहीच नव्हतं. कोरा कागद.

"हे राहिलं का?" मी विचारलं.

"राहिलं नाही. ठेवलंय," साहेब म्हणाला. "सगळ्यात पांढरा रंग कागदाचा असतो, मिस्टर बेहेरे. त्याला हात लावायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं."

आळसाला त्याने नाव चांगलं शोधलं होतं. मी मात्र "खरंय सर" म्हणालो. कारण त्याच्याशी गोड राहणं मला भाग होतं. राजेसाहेबांनी जाहीर केलं होतं की संस्थानातला एक माणूस दोन वर्षांसाठी संस्थानच्या खर्चाने लंडनला चित्रकला शिकायला जाईल आणि परतल्यावर इथे निघणाऱ्या कलाशाळेचा प्रमुख होईल. माणूस निवडायचा विगमोर साहेबाने. संस्थानात चित्रकार म्हणावा असा माझ्याशिवाय होता कोण? दिवाण खासनीसांनी तर बेळगावच्या शिंप्याकडे माझ्या मापाचा लोकरी कोटसुद्धा शिवायला टाकला होता.

होता म्हणायला बाबल चितारी होता. पण त्याला चित्रकार म्हणणं म्हणजे गावच्या न्हाव्याला सर्जन म्हणणं. राजवाड्यामागच्या खोलीत बसून तो गंजिफाचे, म्हणजे खेळायचे गोल पत्ते रंगवायचा, पालखीला लाखेचा हात द्यायचा, पाट आणि पोळपाट सजवायचा. त्याचा बापही हेच करायचा. सही करायची वेळ आली तर बाबल अंगठा पुढे करायचा. विगमोर साहेब मात्र त्याच्या खोलीत जाऊन तासन् तास बसे. रुपयाएवढ्या गोल पत्त्यावरचा मत्स्यावतार भिंगातून बघे आणि "गुड लॉर्ड!" म्हणे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि मला मध्ये बसून जांभया द्याव्या लागत. एका गोऱ्या अडाण्याला एक काळा अडाणी भेटला, असं मी घरी आल्यावर बायकोला सांगत असे.

नदीवरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबाला हिवताप भरला. तो गेस्ट हाऊसमध्ये चार रजया घेऊन पडला. आणि दिवाण खासनीस चित्राचा पुठ्ठा काखेत मारून माझ्याकडे आले.

"बेहेरे, हे मध्ये भोक कसलं?"

"साहेब म्हणतात, ठेवलंय."

"ठेवलंय? उद्या इंग्रज सरकारचा रेसिडेंट येतोय. राजेसाहेबांनी हे चित्र दरबार हॉलमध्ये टांगायला सांगितलंय. परटीण हवेला धरून उभी आहे असं दाखवू त्याला? बुजवा ते भोक."

"साहेबाला विचारून..."

"तो तापात बडबडतोय. तुम्ही पदकवाले ना? मग काढा की एक चादर! आणि मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका."

मला आग्रह करावा लागला असं म्हणणं खोटं होईल. माझे हात शिवशिवतच होते. माझ्या पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब दगड झाली होती, म्हणून मी पुठ्ठा घेऊन बाबलच्या खोलीत गेलो. त्याच्याकडे करवंटीत खललेला सफेता असे, शिशाचा, दाट आणि लोण्यासारखा. मी त्याच्यापुढे बसलो आणि करवंटी ओढून घेतली.

बाबलने चित्र बघितलं. मग माझ्या हातातला ब्रश बघितला.

"मास्तरानू, तो कागद साहेबान मुद्दाम ठेवलेलो आसा."

"तुला रे काय माहीत? तुला सांगितलं साहेबाने?"

"सांगूक कित्याक व्हया? दिसता मां."

"तू पोळपाट रंगव," मी म्हणालो.

त्याने आपलं काम बाजूला ठेवलं आणि तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मी चादर काढली. वाऱ्याने फुगलेला तिचा पोटाचा भाग, परटिणीच्या मनगटाशी घट्ट पिळलेली चुणी, तिथून फाकत गेलेल्या घड्या, घड्यांतली निळसर सावली. तासभर मी मान वर केली नाही. आयुष्यात पुढे मी शेकडो चित्रं काढली, त्यांतली बहुतेक कॅलेंडरांवर छापली गेली आणि वर्ष संपल्यावर रद्दीत गेली. पण तो तास खरा होता. चुणी संपवून मी मागे सरकलो, तेव्हा बाबल हळूच म्हणाला, "हात बरो आसा तुमचो." त्याच्या शिफारशीचं मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी रेसिडेंट त्या चित्रासमोर थांबला आणि त्याने नेमकं चादरीकडे बोट दाखवलं. "वारा दिसतोय हो यात!" राजेसाहेब खूश झाले. दिवाणांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, झालं, आता साहेब बरा होईल आणि स्वतःचीच स्तुती ऐकून गप्प बसेल. असल्या माणसांना फुकटची वाहवा कुठे नको असते?

चौथ्या दिवशी साहेब काठी टेकत दरबार हॉलमध्ये आला. मी बरोबर होतो. तो चित्रासमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने चित्र खाली उतरवायला लावलं, चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला लागेल इतका वाकला आणि चादरीच्या कडेला नखाने हलकेच खरवडलं.

"शिसं आहे हे," तो म्हणाला. "कुणी केलं?"

दिवाण दाराशी उभे होते. त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली.  कोट, बोट, लंडन, कलाशाळा, सगळं त्या लाल कानांपाशी येऊन थांबलं होतं. एक खरा शब्द बोललो असतो तर सगळं गेलं असतं, असं मला वाटलं.

"शिशाचा सफेता इथे एकच माणूस वापरतो सर," मी म्हणालो. "बाबल चितारी."

साहेबाने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "असं?" म्हणाला. "चला, त्याला विचारू."

बाबल मांडी घालून पत्ते घासत बसला होता. साहेब त्याच्यासमोर जमिनीवरच बसला, ताप उतरलेल्या माणसाने बसू नये तसा. चित्र मांडीवर ठेवलं, चादरीवर बोट ठेवलं, आणि तेच बोट उचलून बाबलच्या छातीकडे दाखवलं. बाबलने मान आडवी हलवली, सावकाश, दोनदा. मग तो माझ्याकडे बघू लागला.

इंग्रजांना आपल्या माना हलवण्यातलं काही कळत नाही, असं आम्ही सगळेच म्हणत असू. हो आणि नाही यांतला फरक त्यांना कधी उमगत नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत विनोद चालत. मी घाई केली.

"बाबल, साहेब विचारतायत, हा सफेता तुझा का?"

"होय. सफेतो माझो."

"तो हो म्हणतो सर," मी साहेबाला सांगितलं. "फार घाबरलाय. क्षमा करा म्हणतो."

बाबल घाबरलेला अजिबात दिसत नव्हता. साहेबाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय का, मिस्टर बेहेरे?"

"नाही सर."

"नक्की?"

"नक्की सर."

साहेब उठला. उठताना त्याने माझ्या नव्हे, बाबलच्या खांद्याचा आधार घेतला.

"मग ऐका," तो म्हणाला. "ज्याने हे केलं त्याने माझ्या चित्राची वाट लावलीय. हा पांढरा वीस वर्षांत काळा पडेल. शिसं या हवेत काळं पडतं, आणि कागद पडत नाही. पण ही मनगटाजवळची चुणी बघा. तीस वर्षं मी अशी चुणी काढायचा प्रयत्न करतोय, मला जमली नाही. त्याला सांगा, तो लंडनला जातोय."

मी उभा होतो तिथेच राहिलो.

"सांगा ना त्याला," साहेब म्हणाला.

"बाबल," मी म्हणालो, "साहेब म्हणतात, जा, माफ केलं."

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. सकाळी आठला गेस्ट हाऊसवर गेलो. साहेब टोस्टला लोणी लावत होता.

"सर, ती चादर मी काढली."

त्याने लोणी सगळीकडे सारखं पसरवलं, अगदी कडेपर्यंत. चित्रात मात्र या माणसाला कड कधी पुरी करता आली नाही.

"काल ते पाप होतं, तेव्हा ते चिताऱ्याचं होतं," तो म्हणाला. "आज ते बक्षीस आहे, तर तुमचं झालं?"

"सर, मला ब्रश द्या. आत्ता काढून दाखवतो."

"नको," तो म्हणाला. "मला बघायची गरज नाही."

एवढंच बोलून त्याने टोस्ट खाल्ला. मला त्या क्षणी त्याची इतकी किळस आली, की आजही टोस्ट खाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवत नाही. मी मनात म्हटलं, मूर्ख आहे हा. समोर हिरा उभा आहे आणि हा गारगोटी उचलून चाललाय. माना कळत नाहीत, माणसं कळत नाहीत, पावलं काढता येत नाहीत. असली माणसं आपल्यावर राज्य करतात.

त्याच संध्याकाळी दिवाणांचा शिपाई माझ्या दाराशी आला. बेळगावहून आलेला कोट परत न्यायला. कोट संस्थानच्या खर्चाने शिवलेला, तेव्हा जाणाऱ्याला द्यायचा, असा हुकूम. माझी बायको कोटाला ब्रश करत बसली होती. तिने तो घडी करून शिपायाच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. 

शिपाई गेला आणि अर्ध्या तासाने बाबल आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तरानू, साहेबाक काय सांगितलात तुमी?"

"का रे?"

"राजेसाहेबांनी बोलावल्यानी. म्हणतत, विलायतेक जा. मियां सांगितलंय, ती चादर मियां काडूक नाय. तर ते हसले. म्हणतत, गरीब माणूस, भियाता." तो थांबला. "तुमी माझ्यावांगडा येवा. राजेसाहेबांका खरां काय ता सांगा. माका खंय जावचां नाय. म्हाताऱ्या बापाशीक सोडून मी खंय जाव?"

गेलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या केला. साहेबाच्या चित्राला हात लावला, वर खोटं बोललो, वर एका गरिबावर ढकललं. नोकरी गेलीच असती. आणि लंडन तर आधीच गेलं होतं. मग खरं बोलून मिळणार काय होतं? बाबलला त्याचे पोळपाट परत मिळाले असते, बस्स.

"अरे जा की," मी म्हणालो. "फुकटात विलायत बघायला मिळतेय. तिथे थंडीत कुडकुडलास की आपोआप परत येशील."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बरां," तो म्हणाला आणि गेला.

तो कुडकुडला नाही. दोन वर्षांची चार वर्षं राहिला. परत आला तेव्हा इंग्रजी बोलत होता, सही करत होता, आणि गंजिफाच्या गोल पत्त्यात जलरंग ओला सोडून अशी काही चित्रं काढत होता, की मुंबईचे लोक गाड्या करून आंबेगिरीला येऊ लागले. कलाशाळा निघाली. प्रमुख बाबल चितारी. मी हायस्कुलातच राहिलो, आणि पुढची तीस वर्षं फुलदाणी, घडा, पेरू यांची चित्रं मुलांकडून काढून घेतली. त्याच्या कलाशाळेत मी एकदाही पाऊल टाकलं नाही. रस्त्यात भेटला तर तो थांबून "बरे आसात मां, मास्तरानू?" म्हणायचा. मी "ठीक" म्हणायचो. चादरीबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. तोही त्याचा माज, असं मी समजत होतो.

विगमोर साहेब दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच विलायतेत मेला, असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही.

आणि मग १९७५ साली संस्थानच्या जुन्या राजवाड्यात संग्रहालय उघडलं. उद्घाटनाला बाबल प्रमुख पाहुणा, मी अडुसष्ट वर्षांचा पेन्शनर, शेवटच्या रांगेत. निमंत्रण बाबलनेच पाठवलं होतं. भाषणं संपल्यावर लोक हॉलमधून फिरू लागले, आणि मी एकेचाळीस वर्षांनी त्या चित्रासमोर आलो.

नदी तशीच होती. ओली, आताच रंगवल्यासारखी. खडकांवरचं ऊन कोऱ्या कागदाचं होतं आणि ते सकाळच्या उन्हासारखं लखलखत होतं. आणि मधोमध परटीण एक काळंकुट्ट फडकं झटकत उभी होती. तव्याखालची काजळी फासावी तसं. चुणी नाही, घडी नाही, वारा नाही.

मुंबईहून आलेले एक दाढीवाले प्राध्यापक तिथे जमलेल्यांना समजावत होते. "हा काळा आकार बघा. साम्राज्याच्या अपराधी जाणिवेचं इतकं धीट प्रतीक त्या काळात दुसऱ्या कुणी रंगवलेलं नाही." लोक माना डोलवत होते. दोघांनी लिहूनही घेतलं. मी हसू दाबलं. चित्रकाराला पावलं जमत नव्हती, आणि याला चादर ओळखता येत नव्हती.

तेवढ्यात बाबल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. केस पांढरे, पाठ ताठ.

"तो कोट खांद्यात वायचसो तंग होतो हां, मास्तरानू," तो हळूच म्हणाला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी काही बोलायच्या आत एक गोरी बाई आमच्याकडे आली. चाळिशीची, हातात एक जाड जुनी वही. विगमोर साहेबाची नात. आजोबांचं चरित्र लिहीत होती. ज्याला हयातीत कुणी विचारलं नाही त्याचं चरित्र! बाबलने तिची माझी ओळख करून दिली. "माझे जुने स्नेही, मिस्टर बेहेरे," एवढंच तो इंग्रजीत म्हणाला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

"मिस्टर चितारी, मला तुम्हाला एक वाचून दाखवायचंय," ती म्हणाली. "आजोबांची रोजनिशी आहे. या चित्राबद्दल." आणि तिने खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं.

"'आज चादरीचा उलगडा झाला,'" ती वाचू लागली. "'चादर ड्रॉइंग मास्तरने काढलीय. दुभाष्याने तोंड उघडण्याआधीच चिताऱ्याने मला मान हलवून नाही म्हटलं होतं. त्याला भाषा लागत नाही. मास्तरचा हात फार सुंदर आहे, माझ्याहून चांगला. मी त्याला तीनदा संधी दिली. तिन्ही वेळा त्याने ती घालवली. दुसऱ्या माणसाला निवडलं. चित्र काढायला शिकवता येतं.'"

तिने वही मिटली. प्राध्यापक पलीकडे अजून साम्राज्याबद्दल बोलत होते. मी भिंतीला हात टेकला. म्हणजे त्या टोस्ट खाणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक होतं. दरबार हॉलमध्ये चष्मा खाली घेतला तेव्हापासूनच त्याला संशय आला होता. आणि मी एकेचाळीस वर्षं त्याला मूर्ख म्हणत आलो होतो.

"मास्तरचं नाव आजोबांनी कुठेच लिहिलेलं नाही," ती बाबलला म्हणाली. "मला ते पुस्तकात घालायचंय. ही चादर त्यांची आहे हे लोकांना कळायला हवं. कोण होते ते? अजून आहेत का?"

आतापर्यंत फडाफडा इंग्रजी बोलणारा बाबल एकदम मालवणीवर आला. तो तिच्याकडे बघतच नव्हता.

"मास्तरानू, बाय काय इचारता ता आयकलात मां? तुमीच सांगा तिका."

बाईने गोंधळून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले ते?"

एकच शब्द बोलायचा होता. माझं नाव. ते पुस्तकात छापलं गेलं असतं, चित्राखाली लागलं असतं. मी त्या काळ्या फडक्याकडे बघितलं, पलीकडच्या दाढीवाल्याकडे बघितलं, गर्दीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे बघितलं. बेहेरे मास्तर खोटं बोलले, हेही त्याच पानावर छापलं गेलं असतं. मी घसा साफ केला.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "ते मास्तर केव्हाच वारले."

 बाबलने माझ्याकडे बघितलं, आणि मान आडवी हलवली. सावकाश, दोनदा.

त्या बाईने आधी त्याच्या मानेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. नातच होती ती साहेबाची.